दूध येतं, पण माया येत नाही : बाळंतपणानंतरच्या नैराश्याविषयी

माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या घरी आली होती. बाराव्या दिवशी बारसं झालं. पाळण्याला झेंडूच्या माळा, बाळाच्या कानात नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीवर पडलेले धपाटे, घुगऱ्यांचा वास, समोरच्या गुजराती मासींनी सुवावडीसाठी, म्हणजे बाळंतिणीसाठी, मुद्दाम करून आणलेलं काटलं, म्हणजे बाळंतिणीचा गोड खाऊ. सगळं घर आनंदात होतं. बहीण मात्र आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. आई म्हणाली, "पहिलटकरीण आहे, दमलीय." मलाही तेच वाटलं.

मी मानसशास्त्र शिकले आहे, बायकांच्या समुपदेशनाचं काम करते. तरी घरातलं हे ओळखायला मला साडेतीन महिने लागले. बाळाला लस द्यायला आम्ही दोघी रिक्षातून चाललो होतो, तेव्हा ती बाहेर बघत म्हणाली, "ताई, मला बाळाबद्दल काहीच वाटत नाही गं. दूध येतं, पण माया येत नाही."

मराठीत पान्हा हा शब्द आपण दुधासाठीही वापरतो आणि मायेसाठीही. पान्हा फुटला की माया आलीच, असं आपण धरून चालतो. त्यामुळे जिला दूध आधी आलं आणि माया मागे राहिली, तिला ते सांगायला शब्दच सापडत नाहीत. ती स्वतःला वाईट आई ठरवते आणि गप्प बसते. खरं तर ती आजारी असते. या आजाराला प्रसूतीपश्चात नैराश्य म्हणतात. बरेच जण पोस्टपार्टम डिप्रेशन म्हणतात. पुढे मी नुसतं नैराश्य म्हणेन.

रडू येणं वेगळं, आजार वेगळा

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं अगदी सर्रास दिसतं. निम्म्याहून अधिक बायकांना ते होतं. नवऱ्याने चहा उशिरा आणला तरी हुंदका फुटतो, लगेच हसूही येतं. ही वळवाची सर असते. झोप, गरम जेवण आणि जवळ बसणारं माणूस मिळालं की दोन आठवड्यांच्या आत ती निवळते. त्यासाठी औषध लागत नाही.

नैराश्य म्हणजे आषाढातली झड. दोन आठवडे उलटले तरी उघडीप नाही, उलट दिवसेंदिवस अंधारून येतं. यात रडणं असेलच असं नाही. कुणी अगदी गप्प होते, कुणी सगळ्यांवर चिडते, कुणी रात्रीत वीस वेळा उठून बाळाचा श्वास चालू आहे का बघते. भूक जाते, आवडीच्या गोष्टी नकोशा होतात, मनात सारखं येतं की माझं काहीतरी चुकतंय, माझ्यावाचून या सगळ्यांचं बरं चालेल. एका लक्षणाकडे मी सगळ्यात आधी बघते. बाळ शांत झोपलं आहे, दुसरं कुणीतरी सांभाळायला आहे, तरी आईला झोप लागत नाही. नुसती दमलेली आई पाठ टेकताच झोपते. नैराश्यातली आई छताकडे बघत पडून राहते.

हे बाळंतपणानंतर वर्षभरात कधीही दिसू शकतं. कित्येकींमध्ये त्याची सुरुवात गरोदरपणातच झालेली असते.

आणखी एक प्रकार दुर्मीळ आहे, पण माहीत असलाच पाहिजे. हजारात एक-दोन बाळंतिणींना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच, सायकोसिस होतो. म्हणजे वास्तवाशी असलेला धागाच तुटतो. नसलेले आवाज ऐकू येतात, बाळ बदललं गेलंय किंवा त्याच्यात काही शिरलंय अशी पक्की खात्री वाटू लागते, रात्र रात्र झोप नसूनही ती विलक्षण जोमात असते. अशा वेळी उद्यावर ढकलू नका. १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात पोचेपर्यंत तिला एकटं किंवा बाळासोबत एकटं ठेवू नका. घरात दृष्ट काढायची असेल तर काढा, पण गाडी बोलावून झाल्यावर.

पूर एका पावसाने येत नाही

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली, ते कुठलाही बडोदेकर विसरणार नाही. पूर का आला, तर पाऊस पडला म्हणून, हे उत्तर अर्धंच आहे. शहरात पाऊस होता, वर आजवा सरोवर भरलेलं होतं, आणि नदीच्या काठी पाणी पसरायला जागा उरली नव्हती. तिन्ही गोष्टी एकदम जुळल्या. नैराश्याचंही असंच होतं, म्हणून "हिला कमी काय आहे?" हा प्रश्न मला नेहमी अपुरा वाटतो.

पहिलं पाणी शरीरातलं. गरोदरपणात ईस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांची पातळी कितीतरी पटींनी चढलेली असते. ती चढवत ठेवणारी मुख्य गोष्ट म्हणजे वार (प्लॅसेंटा). वार पडली की ती पातळी काही दिवसांतच कोसळते. हे सगळ्याच बाळंतिणींना होतं. पण व्होल्टेज अचानक उतरल्यावर एका घरात दिवा नुसता मिणमिणतो आणि दुसऱ्या घरात फ्रिज बंद पडतो, तसं काहींच्या मेंदूला हा उतार सोसत नाही. यात स्वभावाचा किंवा मनोधैर्याचा काही दोष नाही.

दुसरं पाणी झिजेचं. दर दोन-तीन तासांनी उठायचं, तेही महिनोन् महिने. त्यात रक्त कमी. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. बाळंतपणानंतर काहींचं थायरॉइडही बिघडतं, आणि त्याचा थकवा व उदासी नैराश्यासारखीच दिसते. म्हणून कुठलाही जाणता डॉक्टर आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घेतो. माझ्या बहिणीचं हिमोग्लोबिन ९ च्या खाली होतं, आणि इतके दिवस आम्ही तिला "जरा हसत राहा" असं सांगत होतो.

तिसरं पाणी घरातलं. आधी कधी नैराश्य येऊन गेलेलं असणं, नवऱ्याशी पटत नसणं, मारहाण, पैशांची ओढाताण, नको असताना राहिलेलं मूल, बाळ अतिदक्षता विभागात असणं. आणि आपल्याकडचं एक खास कारण. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात २७० बाळंतिणींचा अभ्यास केला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा ते आठ आठवड्यांनी त्यातल्या २३ टक्के आयांना नैराश्य असल्याचं आढळलं, आणि गरिबी व नवऱ्याची मारहाण यांच्याबरोबरीने मुलगी होणं हाही धोका वाढवणारा भाग ठरला. मुलीमुळे नैराश्य येत नाही. मुलगी झाल्यावर घरातले चेहरे जसे पडतात, त्याने येतं. "लक्ष्मी आली हो" असं तोंडाने म्हणून भागत नाही. तो सूर बाळंतिणीला बरोबर कळतो.

सव्वा महिन्याचं गणित

आपल्या सव्वा महिन्याच्या पद्धतीला मी नावं ठेवणार नाही. अंग रगडून घेणं, शेक-शेगडी, ओवा-शेपेची धुरी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, आणि मुख्य म्हणजे घरकामातून सुटका. ज्यांनी हे बसवलं त्यांना बाळंतिणीला विसावा हवा हे पक्कं ठाऊक होतं. आमच्या आईने बहिणीला एक पातेलंही उचलू दिलं नाही.

पण या सव्वा महिन्यात सगळ्यांचं लक्ष असतं ते पोटपट्ट्याकडे, टाक्यांकडे आणि दुधाकडे. बाळंतिणीने काय खाल्लं हे घरातल्या सात जणांना माहीत असतं. तिच्या मनात काय चाललंय हे सातातल्या एकालाही नसतं. भेटायला येणारी प्रत्येक बाई विचारते, "दूध पुरतंय ना?" दिवसातून पाच वेळा हा प्रश्न ऐकला की उत्तर "हो" असलं तरी ते परीक्षेसारखं वाटू लागतं. खोली बंद, ऊन नाही, कान बांधलेले, बोलायला समवयस्क कुणी नाही.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. ती आहे वेळेची. सव्वा महिना संपतो पाचव्या-सहाव्या आठवड्यात, आणि नैराश्य ठळक दिसू लागतं तेही साधारण याच सुमारास. आशाताईंच्या नवजात बाळासाठीच्या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ठरलेल्या असतात. बेचाळिसाव्या दिवशी त्याही थांबतात. मालिशवाली बंद, आई लांब, नवऱ्याची रजा कधीच संपलेली. ज्या आठवड्यात तिला आधाराची सगळ्यात जास्त गरज, त्याच आठवड्यात आपण तिची ओटी भरून, बाळाला काजळाची तीट लावून, तिला सासरी पोचवतो. बहीण मांजलपूरला सासरी गेली तेव्हा आम्ही म्हणालो, आता रुळेल.

बाळ मात्र पुढेही दवाखान्यात येत राहतं. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी असतात. बहिणीच्या ममता कार्डावर बाळाच्या वजनाचा आलेख होता, लसींच्या तारखा होत्या. त्या तीनही वेळा बाळाला उचलून आणणारी आई समोरच्या बाकावर बसलेली होती. तिला कुणी काही विचारलं नाही, आणि त्या "कुणी" मध्ये मीही होते.

"आमच्या वेळी नव्हतं असलं काही"

होतं. फक्त नावं वेगळी होती. बाळंतवात झाला, बाहेरची बाधा झाली, माहेरून येताना काही ओलांडलं, डोक्यात वारं गेलं. काही जणी वर्षभराने सावरल्या, काही आयुष्यभर "अबोल" म्हणून राहिल्या, आणि काहींबद्दल घरात बोलायचंच नाही असं ठरलं. फ्रान्समधल्या लुई-व्हिक्टर मार्से या डॉक्टरांनी गरोदर आणि बाळंत बायकांच्या मानसिक आजारांवर १८५८ मध्येच सविस्तर लिहिलं होतं. तेव्हा मोबाइल नव्हता.

हे शिकलेल्या, शहरी मुलींचे लाड आहेत, हा आक्षेपही टिकत नाही. भारतातल्या ३८ अभ्यासांमधल्या वीस हजारांहून अधिक बायकांची आकडेवारी एकत्र करून २०१७ मध्ये जो हिशोब मांडला गेला, त्यात प्रमाण २२ टक्के निघालं. म्हणजे पाचांत एक. अशी आई गरिबाघरीही सापडते, श्रीमंताघरीही, आणि पैशांची चणचण असेल तिथे जास्त.

दहा प्रश्न

तपासणीसाठी जगभर वापरलं जाणारं एक साधं साधन आहे, एडिंबरा प्रश्नावली. स्कॉटलंडमध्ये १९८७ मध्ये ती तयार झाली. दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, आणि विचार करायचा तो फक्त गेल्या सात दिवसांचा. हसू येतं का, विनाकारण स्वतःला दोष देता का, घाबरायला होतं का, असे प्रश्न. तीसपैकी तेरा किंवा अधिक गुण आले तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. दहा ते बारा असतील तर थोड्या दिवसांनी पुन्हा भरून बघायची. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचं उत्तर "कधीही नाही" याखेरीज काहीही असेल, तर एकूण बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी मदत घ्यायची.

असं थेट विचारलं तर तिच्या डोक्यात नसलेला विचार येईल, अशी भीती घरच्यांना वाटते. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं याचाच तिला सुटकारा वाटतो.

एक गोष्ट फारसं कुणी बोलत नाही म्हणून इथे लिहिते. पुष्कळ आयांच्या मनात मधूनच भयंकर चित्रं चमकून जातात. बाळ हातातून निसटेल, गॅलरीतून पडेल, आपल्याच हातून त्याला काही होईल. आई त्या विचाराने हादरते, सुरीच लपवून ठेवते, बाळाला घेऊन जिन्यावर जाणं टाळते. ती हादरते आहे याचा अर्थच असा की तो विचार तिला नको आहे. हे काळजीचं लक्षण आहे, उपचारांनी कमी होतं, आणि ते सांगितल्याने ती धोकादायक ठरत नाही. सायकोसिसमध्ये मात्र तो विचार तिला बरोबर वाटू लागतो. फरक तिथे आहे.

"गोळ्या घेतल्या तर दूध नासेल"

सौम्य नैराश्यात गोळ्या लागतातच असं नाही. बोलण्याच्या उपचाराने पुष्कळ फरक पडतो, आणि तो मोठ्या पदव्यांवाचूनही देता येतो. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत डॉ. आतिफ रहमान यांनी गावातल्या आरोग्यसेविकांना शिकवून त्यांना घरोघरी पाठवलं. त्या आईशी बोलत, तिचे ठोकळेबाज विचार हळूहळू सैल करत, घरच्यांनाही त्यात ओढत. ९०३ आयांवरचा हा प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी, अशी भेट मिळालेल्या आयांपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या, इतरांपैकी ५३ टक्के. पुढे गोव्यातही हे करून पाहिलं गेलं, तिथे शेजारपाजारच्या आयांनाच प्रशिक्षण दिलं होतं. आपल्या घरांतली शेगडीपाशी बसणारी मावशी कान देऊन ऐकायला शिकली तर काय होईल, याचा मी तेव्हापासून विचार करते आहे.

मध्यम किंवा तीव्र आजारात मात्र गोळ्या लागतात, आणि त्या घेताना अंगावर पाजता येतं. अशा वेळी बहुतेकदा सर्ट्रालिन हे औषध निवडलं जातं, कारण ते दुधात अगदी अल्प प्रमाणात उतरतं. कोणती गोळी, किती, हे मनोविकारतज्ज्ञच ठरवणार, शेजारणीची चिठ्ठी चालणार नाही. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि नेमक्या याच काळात घरचे म्हणतात, "काही उपयोग नाही, बंद कर." बरं वाटू लागल्यावरही निदान सहा महिने औषध चालू ठेवतात आणि डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू उतरवतात. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, पण एकदम तोडल्या तर त्रास होतो. उपचार न घेण्यालाही किंमत आहे. आई खचलेली असेल तर बाळाचं पाजणं, झोप, त्याच्याशी बोलणं-हसणं, सगळ्यावर परिणाम होतो.

दवाखान्यात भरती केलं तर बाळ काढून घेतील, ही भीती मी कितीदा ऐकली आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ सांगतो की उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा वेगळं करायचं नाही. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत तर आई आणि बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग २००९ पासून आहे. याच कायद्याने विमा कंपन्यांनाही शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजाराला संरक्षण देणं भाग आहे.

रात्र कोण बघणार?

घरच्यांनी करायच्या गोष्टींत मी झोपेला पहिली जागा देते. आईला रात्री सलग चार-पाच तास मिळाले पाहिजेत. त्यासाठी एक पाजणं नवऱ्याने किंवा आजीने सांभाळायचं, आधी काढून ठेवलेल्या दुधावर. तेही जमत नसेल आणि डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलं तर ते द्यायचं, आणि त्यावरून एक शब्दही बोलायचा नाही. "काही लागलं तर सांग" हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण काय लागतंय हेच तिला सुचत नसतं. "मी दहा ते तीन बाळाला बघतो, तू दार लावून झोप" हे उपयोगाचं.

भेटायला येणाऱ्यांना नवऱ्याने अडवायचं, तिने नाही. जाऊबाईंनी कसं सगळं हसत केलं, हे तिच्यासमोर सांगायचं नाही. नवऱ्यांनी स्वतःकडेही लक्ष द्यावं, कारण साधारण दहातल्या एका बापालाही या काळात नैराश्य येतं आणि तो ते ऑफिसच्या कामाखाली दडपतो.

आईने स्वतः काय करायचं? फार थोडं. आंघोळ, थोडं ऊन, एका मैत्रिणीला फोन, जमलं तर सकाळी कमाटीबागेत एक फेरी. मन लागेल तेव्हा करीन असं म्हणून थांबायचं नाही, कारण या आजारात आधी पाय चालतात आणि मन मागून येतं. माया आली नाही म्हणून स्वतःला दोष देत बसायचं नाही. बाळाला छातीशी उघड्या अंगाने धरून बसायचं, बोलायचं काही नसलं तरी. ती येते.

बडोद्यात कुठे?

सयाजी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे, पण त्याचं नाव ऐकूनच लोक बिचकतात. बिचकत असाल तर आपल्या प्रसूतीच्या किंवा बाळाच्या डॉक्टरांपाशी बोलायला सुरुवात करा. त्यांनी "होतं असं" म्हणून टाळलं तर दुसरे डॉक्टर गाठा. घराबाहेर पडायचं बळच नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. २०२२ च्या १० ऑक्टोबरला सुरू झालेली ही सरकारी सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठी, गुजराती, हिंदीत बोलते. घरात मारहाण होत असेल तर गुजरातची अभयम हेल्पलाइन १८१.

दुसऱ्या वेळी

एकदा हे होऊन गेलं असेल तर पुढच्या बाळंतपणात पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. म्हणून बहिणीला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा सातव्या महिन्यातच आम्ही सगळे मांजलपूरच्या घरी बसलो. ओटभरणाच्या यादीशेजारी दुसरी यादी केली. रात्री कोण उठणार, ते वारांप्रमाणे. तिची सासू म्हणाली, "सोमवार आणि गुरुवार माझे." सव्वा महिना संपल्यावर आई आणखी दोन महिने येऊन-जाऊन राहणार. मनोविकारतज्ज्ञांकडे तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात जायचं, तारखा घेऊन ठेवल्या.

अठराव्या दिवशी तिचा मला फोन आला. "ताई, परत तसंच वाटायला लागलंय." दोन आठवडे उलटून गेले होते, म्हणजे ही वळवाची सर नव्हती. डॉक्टरांची तारीख तीन दिवसांवर होती. ती आम्ही दुसऱ्या दिवसावर आणून घेतली.